ओइवा रिंतालुओमाचे दोन काटे

ओइवा रिंतालुओमाला कुणी म्हणालं, "आज ऊन छान पडलंय," तर तो आधी खिडकीतून बाहेर बघायचा. ऊन खरंच पडलेलं असलं, तर हा माणूस आपल्याला हे मुद्दाम का सांगतोय, याचा विचार करत बसायचा. स्वभाव म्हणा, पण सगळं स्वभावावर ढकलणं बरं नाही. धंद्यानंही त्यात चांगली भर घातली होती. चौतीस वर्षं त्यानं काटे तपासले. डेअरीतले, पिठाच्या गिरणीतले, किराणा दुकानातले, खाटकाकडचे. आधी सायकलवर आणि पुढं मोपेडवर वजनांची पेटी बांधून तो नदीकाठच्या आठ गावांतून फिरायचा. काटा बरोबर निघाला की शिशाचा शिक्का मारायचा, चूक निघाला की कागदावर कारण लिहायचा.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणाऱ्या एका दुकानदाराच्या पारड्याखाली त्याला मेणाचा गोळा सापडला होता, मटाराएवढा. दुकानदार रडला, म्हणाला मला ठाऊकच नाही कुणी लावला. ओइवा त्याला लहानपणापासून काका म्हणत आलेला. त्या दिवसापासून त्यानं माणसांकडं बघायचं सोडलं आणि पारड्याखाली बोट फिरवायला सुरुवात केली.

पंच्याऐंशी साली तो निवृत्त झाला. आता संशय घ्यायला उरलं काय? घरातच कॉफीची पुडकी वजन करून बघायला लागला. लेम्पी, त्याची बायको, दोन महिने गप्प राहिली. मग एका सकाळी म्हणाली, "ओइवा, एक तर तू स्वतःला काहीतरी उद्योग शोध, नाहीतर मी तुला त्या काट्यावर ठेवून किती कमी भरतोस ते बघते."

उद्योग आपण होऊन चालत आला. पेट्रोल पंपवाला विल्हो हापाकोस्की गावच्या क्रीडा मंडळाचा अध्यक्ष होता. पुढच्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, शेतात अजून बर्फाचे ढिगारे होते तेव्हा, तो स्वयंपाकघरात येऊन बसला. वेलदोडा घातलेल्या गोड पावाचे तीन तुकडे खाल्ल्यावर मुद्द्यावर आला. भालाफेकीचा नियम बदलला होता. जुने भाले तरंगत फार लांब जात, आणि जमिनीवर आडवे पडत. टोक आधी लागलं की शेपूट, यावरून भांडणं. तेव्हा जगातल्या शहाण्यांनी ठरवलं, की पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे भाला ज्या जागी तोलून राहतो तो बिंदू, चार सेंटिमीटर पुढं सरकवायचा. टोकापासून एकशे सहा सेंटिमीटरच्या आत. म्हणजे नाक जड होणार आणि भाला निमूट खाली येणार.

आम्हां फिनिश लोकांत या बातमीनं घरात कुणी गेल्यासारखी कळा आली होती. इथं पोराच्या हातात काठी आली की पोर ती फेकतंच. प्रत्येक गावाला चर्च नसेल, पण वाळूचं मैदान आहे.

"आता प्रत्येक भाला स्पर्धेआधी मोजायला लागणार," विल्हो म्हणाला. "जो तो जुन्या भाल्याचं नाक जड करून आणणार. त्यात कुणी काय खेळ केलाय ते कळायला हवं. आख्ख्या गावात सगळ्यांवर संशय घेणारा माणूस एकच आहे."

ओइवाला ती स्तुतीच वाटली. लेम्पीनं हसू लपवायला तोंड चुलीकडं फिरवलं.

तोपर्यंत तोल बघायची रीत अशी, की पंच आडव्या बोटावर भाला ठेवायचा, डुलायचा थांबला की "इथं" म्हणायचा. ओइवानं बोटाच्या जागी चिमट्यात आवळलेली पोलादी पट्टी उभी केली, धार वर. भाला तिच्यावर तोलला, मोजला. पुन्हा तोलला, मोजला. दोन मापांत अर्ध्या सेंटिमीटरचा फरक. त्याच्या कपाळावर आठी पडली. भाल्याचा तोल नेमका पकडीच्या खाली येतो, आणि पकड म्हणजे गुंडाळलेली दोरी. धार दोरीत रुतायची, कधी इकडं, कधी तिकडं.

"दोरी म्हणजे गादी," तो लेम्पीला म्हणाला. "गादीवर झोपवून कुणाचा खरेपणा कळतो का?"

म्हणून पकडीला हातच न लावता मोजायचं त्यानं ठरवलं. डेअरीनं मोडीत काढलेले लोणी तोलायचे दोन काटे त्याच्या लाकडाच्या खोपटात पडून होते. एका सरळ फळीवर त्यानं ते एकमेकांपासून मीटरभर अंतरावर बसवले. भाल्याचं टोक डावीकडं; टोकापासून अर्ध्या मीटरवर पहिला काटा, दीड मीटरवर दुसरा. भाला दोघांवर आडवा ठेवायचा आणि कुणाच्या वाट्याला किती वजन येतं ते वाचायचं.

लेम्पी पायरीवर बसून बटाटे सोलत होती. तिनं विचारलं, "यातून काय कळतं?"

"आपण दोघं ओंडका उचलतो तेव्हा जड बाजू कुणाकडं आहे ते कसं कळतं?"

"जो जास्त शिव्या घालतो त्याच्याकडं."

"तेच. फक्त हे काटे शिव्या ग्रॅममध्ये घालतात."

आठशे ग्रॅमच्या भाल्याचा तोल एकशे सहावर असेल, तर मागच्या काट्यावर चारशे अठ्ठेचाळीस ग्रॅम येतात. त्यापेक्षा एक ग्रॅम जास्त, की भाला बाद. आठ ग्रॅम म्हणजे एक सेंटिमीटर. बोटावरच्या डुलण्यापेक्षा हे किती नेमकं. पण फळी आणि काट्यांचा हा सांगाडा लगेच वठणीवर आला नाही. आधी आकडे सकाळी एक आणि दुपारी एक दाखवायला लागले. ओइवानं आधी शेजाऱ्यावर संशय घेतला, मग मांजरावर. निघाला दाराखालून येणारा वारा. भाल्याची लांब शेपटी त्यात हलायची. दाराला पोतं लावलं. मग लक्षात आलं, की लाकडी खाचांत भाला अडकून दोन्ही काटे एकमेकांना ढकलतायत. खाचा काढून त्यानं सायकलच्या चाकातले छर्रे बसवले, म्हणजे भाला नुसता पडून राहील, कुणाला रेटणार नाही. टोकापुढं पितळी पट्टी लावली. टोकानं तिला शिवायचं, टेकायचं नाही. मध्ये सिगारेटचा कागद सरकला पाहिजे. सगळं पाणसळीनं समपातळीत. आणि शेवटी, त्या दोन काट्यांपैकी एकही त्याच्या पूर्ण विश्वासातला नसल्यामुळं, प्रत्येक भाला दोनदा मोजायचा, दुसऱ्या वेळी काट्यांची अदलाबदल करून.

मेअखेर मंडळाचे नऊ जुने भाले त्यानं मोजले आणि नऊच्या नऊ बाद केले. मंडळानं एकच नवा घेतला होता, तो बसला चारशे छत्तीसवर. विल्होनं सांगाड्याभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, "ओइवा, हे काम झकास आहे." त्या रात्री जेवताना ओइवा लेम्पीला म्हणाला, "विल्होला माझ्याकडून काहीतरी हवंय."

आता जावयाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं.

ओइवाची एकुलती एक मुलगी इर्मेली. पाच वर्षांपूर्वी तिनं बोर्ये सोडरबाकशी लग्न केलं. तो किनाऱ्यावरचा, चाळीस किलोमीटर पलीकडचा, स्वीडिश बोलणारा. काचघरात टोमॅटो पिकवायचा. पहिल्या भेटीला त्यानं टोमॅटोची पेटी आणली होती. तळाशी बारके भरले असतील म्हणून ओइवानं ती मागच्या अंगणात नेऊन उलटी केली. तळाशीही मोठेच होते. "माणूस भलताच हुशार आहे," तो लेम्पीला म्हणाला.

बोर्येचं फिनिश कच्चं. बोलण्याआधी तो जरा थांबायचा, शब्द शोधायला. ओइवाला वाटायचं, हा थाप रचतोय. बोर्ये हसला की ओइवाला वाटायचं, आपल्याला हसतोय. नाही हसला की वाटायचं, मनात काहीतरी आहे. पाच वर्षं दर रविवारी बोर्ये त्याच्या टेबलाशी जेवला, सॉनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीत, त्याच्या शेजारी बसून घाम गाळला, दर हिवाळ्यात छपरावरचा बर्फ उतरवला. आणि ओइवा पाच वर्षं त्याच्या पारड्याखाली बोट फिरवत राहिला. मेण काही सापडेना. सापडत नाही म्हणून संशय कमी व्हावा ना? तो वाढतच गेला.

बोर्ये भाला फेकायचा, बाराव्या वर्षापासून. खांदे बैलाचे, पण फेक सपाट, त्यामुळं जुना तरंगता भाला त्याला कधी वश झाला नाही. जिल्ह्यात पाचवा, सातवा, असा यायचा. नवा नियम आला आणि चित्र पालटलं. तरंगवणारे सगळे खाली आले, आणि नुसत्या ताकदीनं फेकणारा बोर्ये चौतिसाव्या वर्षी वर आला. जुलैतल्या जिल्हा स्पर्धेत सहासष्ट मीटर फेकला की राष्ट्रीय स्पर्धेत जागा. मे महिन्यात सरावात त्यानं दोनदा तेवढा फेकला होता. पुढच्या वर्षी सगळ्यांना नव्या भाल्याची सवय होणार आणि मापही वाढणार, हे तो जाणून होता. जे काही व्हायचं ते याच उन्हाळ्यात.

नवा भाला मिळायला चार महिने लागत. म्हणून त्यानं आपला जुनाच सुधारला होता. डोकं काढलं, त्यात कथील ओतलं, परत बसवलं, शेपटीकडून तेवढंच वजन तासलं, दोरी पुढं गुंडाळली. कथील कुठलं, तर नव्या वर्षाच्या आदल्या संध्याकाळचं. आमच्याकडं त्या दिवशी घरातला प्रत्येक जण घोड्याच्या नालेच्या आकाराचा कथलाचा तुकडा पळीत वितळवतो, बादलीतल्या पाण्यात ओततो आणि जो आकार होईल त्यावरून येणाऱ्या वर्षाचं भविष्य सांगतो. दुसऱ्या दिवशी ते गोळे कुणी विचारत नाही. बोर्येनं ते रुमालात बांधून नेले होते. ओइवानं तेव्हाच बघून ठेवलं होतं. तेव्हापासून तो विचार करत होता, की जावयाला आमचं भविष्य कशाला हवंय.

जूनच्या शेवटी बोर्ये भाला घेऊन खोपटात आला.

"आधीच मोजून घ्या, सासरेबुवा. काही चुकलं असेल तर अजून वेळ आहे."

चुकलं असेल तर. म्हणजे चुकलंय हे ह्याला ठाऊक आहे, ओइवाच्या मनात आलं. त्यानं मोजमापाला नेहमी घालायचा कामावरचा करडा कोट चढवला आणि भाला ठेवला. चारशे एक्केचाळीस. काटे बदलले. चारशे एक्केचाळीस. तोल एकशे पाचच्या आसपास, नियमाच्या जवळजवळ सेंटिमीटरभर आत.

"ठीक आहे," ओइवा नाइलाजानं म्हणाला आणि भाला उचलून परत द्यायला वळला.

टिक्.

अगदी बारीक आवाज. ओइवा थांबला. भाल्याचं टोक खाली केलं. टिक्. वर केलं. टिक्. त्याच्या मनात शंकेची पाल अशी चुकचुकली की ती मग स्पर्धेपर्यंत गप्प बसली नाही.

"आत काहीतरी हलतंय."

बोर्येनं भाला हातात घेतला आणि हलवला. आवाज नाही. पुन्हा हलवला. "नाही हो. कथील मी चांगलं तापवून ओतलंय. घट्ट बसलंय."

"तुला कसा हलवायचा ते ठाऊक आहे," ओइवा म्हणाला.

बोर्ये त्याच्याकडं बघत राहिला. या वेळी तो शब्द शोधत नव्हता. "येतो मी," म्हणाला आणि गेला.

ओइवाचा तर्क तयारच होता. नळीच्या आत सुटं वजन सोडलंय. मोजताना ते नाकाशी बसतं आणि काट्याला फसवतं. फेकला की मागं घरंगळतं, आणि भाला जुन्यासारखा तरंगतो. सपाट फेकणारा माणूस चौतिसाव्या वर्षी एकाएकी वर येतो, तो काय उगाच? कुठंतरी पाणी मुरत होतंच, ते हे.

मग त्यानं सांगाडा पुन्हा खोलला. फळीच्या मध्ये बिजागरी बसवली, म्हणजे भाल्यासकट सगळं डोकं खाली, शेपूट वर करता येईल, आणि उलटंही. वाकवायचं, हातोडीच्या दांड्यानं हलकेच ठोकायचं, परत समपातळीत आणून वाचायचं. सुटं वजन सरकलं असेल तर आकडा बदललाच पाहिजे. आतून गोळी सोडलेल्या एका पाइपवर त्यानं प्रयोग केला. तीस ग्रॅमची गोळी घरंगळली तशी काट्यानं लगेच चुगली केली. सांगाडा इतका चोख कधीच नव्हता.

पुढच्या रविवारी त्यानं बोर्येचा भाला मागून घेतला. नाक खाली, ठोकला, वाचला. चारशे एक्केचाळीस. नाक वर, ठोकला, वाचला. चारशे एक्केचाळीस. पण प्रत्येक वेळी फळी वाकवायला तो पुढं झुकला की, टिक्.

इर्मेली दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"बाबा, काय शोधताय?"

"तो गॅरेजमध्ये काम करतो तेव्हा दार लावून घेतो का?"

ती आत आली. "तो सहा महिने पहाटे उठून सराव करतोय. टोमॅटोचं सगळं बघून. तुम्हाला एकदा तरी दाखवायचंय त्याला, की... जाऊ द्या. तुमच्या काट्यानं काय दाखवलं?"

"काटा बरोबर म्हणतोय."

"मग झालं तर. एक सांगते. त्याच्या या उन्हाळ्याचं तुम्ही नुसत्या संशयापायी वाटोळं केलंत, तर रविवारी आमची वाट बघू नका."

लेम्पीनंही त्या संध्याकाळी तेच विचारलं, जरा मऊ शब्दांत. "तूच म्हणालास ना, की माणसाच्या मनावर सोडायला नको म्हणून हे यंत्र केलंय?"

"यंत्रालाही फसवता येतं."

"मग केलंस कशाला?"

ओइवा पेपर वाचायला लागला.

स्पर्धा जुलैतल्या तिसऱ्या रविवारी होती, आमच्याच मैदानावर. सगळ्यांनी भाले दहाच्या आत तपासणीला द्यायचे, फेक एक वाजता. हिवाळ्यात स्की ठेवायच्या खोलीत ओइवानं सांगाडा मांडला. अंगात कामावरचाच करडा कोट, वर पंचाची पट्टी. खिडकी बंद, दाराला पोतं. बाहेर विल्हो सॉसेज भाजायच्या शेगडीशी आरडाओरडा करत होता. चौदा भाले आले. अकरा पास झाले, दोन बाद. त्यांच्या मालकांनी मुकाट्यानं मान डोलावली, कारण आकडा समोर दिसत होता.

चौदावा बोर्येचा. ओइवानं तो मुद्दाम शेवटी ठेवला होता. चारशे एक्केचाळीस. काटे बदलले, चारशे एक्केचाळीस. वाकवला. टिक्. ठोकला, वाचला. चारशे एक्केचाळीस. पाच वेळा केलं. घड्याळात पावणेबारा झाले होते. बाद करायचा तर कारण लिहायला हवं, आणि कारण सापडत नव्हतं. पास करायचा तर शिक्का मारायला हवा, आणि हात उठत नव्हता. त्याला तो दुकानदार काका आठवला. रडला होता कसा, शपथा घेतल्या होत्या कशा. बोर्येनं तर शपथही घेतली नव्हती. नुसता "येतो मी" म्हणाला होता. निर्दोष माणूस असा गप्प जातो होय?

पेटीत लोखंड कापायची करवत होती. डोक्याच्या जरा मागं नळी कापली, की दूध का दूध होणार होतं. सुटी गोळी हातात येईल, सगळ्यांसमोर ठेवता येईल. इर्मेलीलाही दिसेल, की बाप वेडा नव्हता. अॅल्युमिनियम मऊ. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

आत कथील होतं. डोक्यात काठोकाठ, बाजूंना सांधून, मध्ये एक बुडबुडाही नाही. त्यानं खिळा टोचून बघितला. हललं नाही. नळीचा लांब तुकडा त्यानं उभा धरून कागदावर आपटला. काही पडलं नाही. डोळा लावून बघितलं, तर नळी शेपटीपर्यंत रिकामी दिसली. तरी त्यानं दोन्ही तुकडे दोन हातांत घेतले आणि पुढं झुकून हलवले.

टिक्.

त्यानं तुकडे खाली ठेवले. रिकाम्या हातानं पुढं झुकला. टिक्.

कोटाच्या छातीवरच्या खिशात बारक्या वजनांची पत्र्याची डबी होती. चौतीस वर्षं तिथंच असायची, म्हणून ती आहे हेही त्याच्या लक्षात राहत नसे. त्यानं ती उघडली. दोन ग्रॅमचं वजन आपल्या खाचेतून निसटून डबीत फिरत होतं.

ओइवा स्कींच्या बाकावर बसला. दार वाजलं. बोर्ये होता, पळण्याचे बूट घातलेला, आणि त्याच्यामागं इर्मेली.

"शिक्का झाला का?" बोर्येनं विचारलं. मग त्याला टेबलावरचे दोन तुकडे दिसले.

इर्मेलीनं तोंडावर हात ठेवला. बोर्ये जवळ आला. कापलेल्या कडेवरून त्यानं अंगठा फिरवला, कथलावर टोचलेला खिळ्याचा व्रण बघितला.

"आवाज माझ्या खिशातून येत होता," ओइवा म्हणाला आणि डबी पुढं केली. "हा इथला."

बोर्येनं डबीकडं बघितलंही नाही. "काट्यानं काय दाखवलं होतं?"

"चारशे एक्केचाळीस."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"मग?"

खोटं बोलायची ओइवाला सवय नव्हती. या वेळी ती असती तर बरं झालं असतं.

"काट्यावर माझा विश्वास होता," तो म्हणाला. "तुझ्यावर नव्हता."

बाहेर कुणीतरी हसत होतं. इर्मेली म्हणाली, "चल, बोर्ये," आणि त्याचा दंड धरला. जाताना तिनं बापाकडं मान वळवून बघितलं नाही.

नियम असा, की तपासलेला कुठलाही भाला कुणीही वापरू शकतो. बोर्येनं मंडळाचा नवा भाला घेतला. एकदाही हातात न धरलेला. पहिली फेक बासष्टवर. दुसरी बाहेर गेली. ओइवा खोलीच्या पायरीवर उभा होता. काय झालंय ते अजून कुणाला ठाऊकही नव्हतं. तिसरी चौसष्ट. चौथी, पाचवी त्याच्या आसपास. सहाव्या फेकीला बोर्ये धावत आला तेव्हा ओइवा पायरी उतरून पुढं आला. भाला सपाट गेला, शेवटी नाक खाली घालून वाळूत उभा राहिला. पंच टेप घेऊन धावले. टेप ताणताना बघून ओइवाला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की कुणीतरी ती जरा सैल धरावी.

पासष्ट मीटर चोपन्न सेंटिमीटर.

बोर्येनं टॉवेलानं तोंड पुसलं आणि जिंकणाऱ्याशी हात मिळवला. राष्ट्रीय स्पर्धेची गोष्ट तिथं संपली.

तासाभरानं विल्हो खोलीत कागद घेऊन आला. बाद भाल्यांचा तक्ता, कारणासकट. निकालाबरोबर फळ्यावर लावायचा. ओइवानं दोन नावं लिहिली, आकडे लिहिले. तिसऱ्या ओळीत बोर्येचं नाव लिहिलं, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: भाला नियमात होता. तपासणाऱ्यानं नुसत्या संशयावरून कापला. खाली सही केली.

विल्होनं वाचलं आणि त्याचा चेहरा पडला. "अरे, हे लावायचं? सगळा जिल्हा वाचेल."

"वाचू दे. चूक माझी आहे."

दारात बोर्ये आला होता, आपले दोन तुकडे न्यायला. इर्मेली त्याच्याबरोबर होती. त्यानं विल्होच्या हातातून कागद घेतला आणि सावकाश वाचला. फिनिश वाचायला त्याला वेळ लागायचा.

"हे लावू नका, सासरेबुवा."

"लोक मला हसतील ना? हसू दे. मी त्याच लायकीचा आहे."

"तुम्हाला कशाला हसतील?" बोर्ये म्हणाला. आवाज चढला नव्हता, त्यामुळंच ऐकवत नव्हता. "तुम्हाला म्हणतील, काय प्रामाणिक माणूस. मला म्हणतील, पाच वर्षं झाली, सासरासुद्धा ज्याच्यावर विश्वास ठेवत नाही तो जावई. आमच्या गावात कळेल. माझ्या बापाला कळेल. भाला गेला तो गेला. हे तरी राहू द्या."

ओइवानं इर्मेलीकडं बघितलं. ती रडत नव्हती. ती फक्त बाप आता काय करतो ते बघत होती.

त्यानं कागद परत घेतला, चार घड्या करून कोटाच्या खिशात घातला. विल्होकडून दुसरा कोरा तक्ता मागितला. पहिल्या दोन ओळी होत्या तशाच उतरवल्या. तिसऱ्या ओळीत बोर्येचं नाव लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं: गाडीतून आणताना मोडला. मग त्यानं तारीख घातली आणि खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, प्रत्येक अक्षर नीट. न घडलेल्या गोष्टीवर ओइवा रिंतालुओमानं सही करण्याची ती पहिलीच वेळ होती.